शून्यावर संपणारे आकडे

बी.एस्सी. होऊन दीड वर्ष मी नगरला घरी बसून होतो. वडील एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांच्या ओळखीनं कुठं चिकटता येईल का, याची चर्चा घरात रोज जेवताना व्हायची आणि रोज तिथंच संपायची. अशात कळलं की पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला पाथर्डी तालुक्यात फिरून लोकांचा रक्तदाब मोजायला सायन्स झालेली मुलं हवी आहेत. मी अर्ज केला आणि माझी निवड झाली.

अर्जात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. लहानपणी माझे दोन्ही कान वाहायचे. आई लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडायची, कापसाचे बोळे बसवायची. वाहणं पुढं थांबलं, पण ऐकू कमी यायला लागलं ते कायमचंच. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची सवय मला इतकी जडली होती की कॉलेजातही कोणाच्या लक्षात आलं नाही. फार तर पोरगा लक्ष देऊन ऐकतो, असं प्राध्यापक म्हणायचे.

प्रकल्पाच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या. चाळिशीच्या, उंच, आवाज खणखणीत. त्यांचं बोलणं मला दुसऱ्या खोलीतूनही कळायचं, त्यामुळं त्यांच्यासमोर माझं काही उघडं पडलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं की ब्लड प्रेशर हा शहरातल्या, बैठं काम करणाऱ्या, चार घास जास्त खाणाऱ्या लोकांचा आजार आहे असं सगळे धरून चालतात. राबणाऱ्या माणसाला तो होतच नाही असं म्हणतात. "म्हणतात," त्या म्हणाल्या. "मोजलंय कोणी? आपण मोजायचं."

मोजण्याची रीत साधी होती. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुग्यानं त्यात हवा भरायची. काचेच्या नळीतला पारा वर चढतो आणि दंडातलं रक्त थांबतं. मग हवा सावकाश सोडायची. कोपराच्या खोबणीत टेकवलेल्या स्टेथोस्कोपमधून पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा आणि ठोके विरून जातात तो खालचा. मात्र त्याआधी आणखी एक पायरी होती. हवा भरताना मनगटाची नाडी धरून ठेवायची, ती गडप झाली की तिथून पारा आणखी तीसनं वर न्यायचा आणि मगच ऐकायला लागायचं. असं का करायचं तेही सांगितलं असणार. मला ते ऐकू आलं नाही की मी मनावर घेतलं नाही, हे आज सांगता येणार नाही.

पुण्याच्या त्या बंद, शांत खोलीत मला ठोके ऐकू आले. फार स्पष्ट नव्हे, भिंतीपलीकडं कोणी उखळात कांडत असावं तसे. परीक्षा मी पार केली.

आमचा मुक्काम तिसगावला होता, बाजारपेठेच्या मागं भाड्यानं घेतलेल्या तीन खोल्यांत. तिथून पाच-सहा कोसांच्या परिसरातली गावं आम्ही वाटून घेतली होती. माझ्या वाट्याला एक मध्यम गाव आणि त्याच्या वाड्या आल्या. सोबत एक सिस्टर होती. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कमी बोलणारी. तिचं काम वजन-उंची घेणं, लघवी तपासणं आणि बायकांना समजावून आणणं. मोजायचं मी.

गावात चावडीच्या ओट्यावर टेबल मांडलं आणि पहिल्या तासातच मला समजलं की इथं आपल्याला काहीही ऐकू येणार नाही. समोर पिठाची गिरणी. तिच्या पट्ट्याचा फटफटाट, पोरांचा गलका, रांगेतल्या बायकांची हुज्जत. कानात नळ्या घातल्या की या सगळ्याचा मिळून एक घुमारा व्हायचा आणि त्यात ठोका कुठं बुडायचा ते कळायचं नाही.

मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण दीड वर्षांनी मिळालेली नोकरी होती, आणि सांगितलं तर घरी परत जायचं होतं. मी दुसरी वाट काढली. हवा सोडताना नळीतला पारा नाडीबरोबर किंचित उडतो. त्या उडण्यावरून मी अंदाज बांधायला लागलो. उडायला लागला की वरचा आकडा, उडायचा थांबला की खालचा. पारा उडतो तो ठोक्याच्या आधीपासून आणि उडत राहतो नंतरही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मनानंच थोडं कमी-जास्त करून घ्यायचो. आणि अंदाजच बांधायचा तर माणूस सोयीचा आकडा लिहितो. एकशेवीस-ऐंशी. एकशेतीस-ऐंशी. एकशेचाळीस-नव्वद. नाडी धरायची पायरी मी केव्हा सोडून दिली, ते मलाही कळलं नाही. रांग लांब असायची आणि ती सोडल्यानं माणसामागं मिनिटभर वाचायचं. मी पारा सरसकट एकशेसत्तरपर्यंत चढवायचो आणि सोडायला लागायचो.

भाद्रपद संपता संपता माझं गाव पुरं झालं. सगळ्यांत आधी माझंच. डॉक्टरबाईंनी शाबासकी दिली तेव्हा मी खाली मान घालून उभा होतो. तो विनय आहे असं त्यांना वाटलं असावं.

त्या गावातल्या एक मावशी मला चांगल्या आठवत होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, कपाळावर मोठं गोंदण. रांगेत उभ्या राहिल्या नाहीत, सरळ येऊन बाकावर बसल्या आणि म्हणाल्या की सकाळी उठलं की मागचं डोकं दगडासारखं जड होतं, तर या पट्ट्यानं ते उतरेल का. मी त्यांना समजावलं की हा पट्टा नुसता मोजतो. त्यांचा आकडा मी एकशेचाळीस-नव्वद लिहिला. त्यांना सांगितलं, ठीक आहे, काळजी करू नका. त्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दोघांना मटकीची उसळ आणि भाकरी पाठवली.

दिवाळीनंतर एका सकाळी डॉक्टरबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. सतरंजीवर माझ्या गावाचे फॉर्म गठ्ठ्यांनी मांडलेले होते आणि त्यांच्या हातात एक कागद होता. कागदावर शून्य, दोन, चार, सहा, आठ असे पाच रकाने, आणि खाली पेन्सिलीच्या रेघा. शून्याच्या खाली रेघांचं जंगल होतं. बाकीच्या रकान्यांत तुरळक काड्या.

"नळीवर दोन-दोनाच्या खुणा आहेत," त्या म्हणाल्या. "आकडा पाचांपैकी कशावरही संपू शकतो. तुमच्या गावाचं रक्त मात्र शून्य बघून थांबतं."

 घाईत जवळचा आकडा लिहायची सवय पुष्कळांना लागते, असं त्या स्वतःच म्हणाल्या. मी चटकन मान हलवली. त्यांनी देऊ केलेली पळवाट मी घेतली, हे मला आजही आठवतं. पण त्या एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. उद्या तुमच्या गावातली दहा माणसं मी स्वतः मोजते, तुम्ही यंत्र घेऊन चला, एवढं बोलून त्यांनी गठ्ठे बांधले.

दुसऱ्या दिवशी चौथं माणूस एक म्हातारे सुतार होते. माझ्या फॉर्मवर त्यांचा वरचा आकडा एकशेपन्नास होता. डॉक्टरबाईंनी नाडी धरली, हवा भरत गेल्या. पारा एकशेपन्नासच्या वर गेला, एकशेसत्तरच्या वर गेला, तरी त्या भरतच होत्या. दोनशेच्या जरा अलीकडं त्या थांबल्या, म्हणजे नाडी तिथं गेली होती. आणखी थोडी हवा भरून त्यांनी ऐकायला सुरुवात केली. सगळं झाल्यावर पट्टा तसाच ठेवून त्यांनी मला सांगितलं की काही जणांच्या बाबतीत ठोके वर सुरू होतात, मग मध्येच गप्प होतात आणि बऱ्याच खाली पुन्हा सुरू होतात. नाडी न धरता मधूनच ऐकायला लागलं तर खालचा आवाज हाच पहिला वाटतो. आजारी माणूस कागदावर निरोगी होतं. "ऐकून बघा," म्हणत त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला आणि पुन्हा हवा भरली.

मी नळ्या कानात घातल्या आणि सुतारबाबांच्या कोपराकडं बघत राहिलो. गिरणी चालू होती. थोड्या वेळानं डॉक्टरबाईंनी विचारलं, "येतात ऐकू?"

"हो," मी म्हणालो. "ठोके आहेत."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग मी नळीकडं पाहिलं. पारा तळाशी होता. फुग्याची हवा अडवणारी चकती नीट आवळली गेली नव्हती आणि हवा केव्हाच निघून गेली होती. मोकळ्या पट्ट्याखाली ऐकण्यासारखं काहीही नव्हतं.

त्यांनी मला फसवायला काही केलं नव्हतं. चकती सैल राहिली, एवढंच. त्यांनी सुतारबाबांचे आभार मानले, त्यांना दुपारी मुक्कामी येऊन गोळ्या घेऊन जायला सांगितलं आणि आम्ही चावडीमागच्या लिंबाखाली गेलो. तिथं मी सगळं सांगितलं. कान, पारा, अंदाज, नाडीची सोडलेली पायरी. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट तीन महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

"म्हणजे तुमच्यामुळं हे गाव निरोगी ठरणार होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि उद्या कोणीतरी म्हणणार होतं, बघा, राबणाऱ्याला बीपी नसतं."

मी म्हणालो की मी आजच घरी जातो.

"घरी कसले जाताय? गाव कोण मोजणार पुन्हा?" त्यांनी मला हात पुढं करायला लावला आणि स्वतःचं मनगट माझ्या बोटांत दिलं. "माझी नाडी सापडते?" सापडली, लगेच. त्यांनी दंडाला पट्टा बांधून स्वतःच हवा भरली आणि मला नाडी जाते कुठं, येते कुठं ते बोलायला लावलं. चार वेळा. चारही वेळचे माझे आकडे एकमेकांपासून दोनाच्या फरकात होते. माझे कान कामातून गेले होते, पण बोटं खिळे जुळवणाऱ्या वडिलांची होती.

त्या दिवसापासून रीत ठरली. नाडी मी धरायची आणि कुठं गेली ते सांगायचं, ऐकायचं सिस्टरनं, आणि तिनं सांगितलेला आकडा तिच्या ओठांवर पाहिल्याखेरीज मी लिहायचा नाही. जुना फॉर्म फाडायचा नाही, खोडरबर लावायचं नाही. त्यावर लाल पेन्सिलीनं एक तिरकी रेघ मारून नवा फॉर्म त्याला जोडायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या की चूक दिसायला हवी, नाहीतर दुसरा कोणी तीच करेल.

लोकांना पुन्हा बोलावणं सोपं नव्हतं. एकदा झालंय की, असं जो तो म्हणायचा. मी प्रत्येकाला खरं कारण सांगायचो की माझ्याकडून नीट मोजलं गेलं नाही. काही हसायचे. एका म्हाताऱ्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं की सरकारनं बहिरा डॉक्टर का पाठवला. मी म्हणालो की मी डॉक्टरसुद्धा नाही. त्यावर त्यांनी बाही वर केली.

तीन आठवड्यांत गावात होते तेवढे सगळे झाले. पण बरेच गावात नव्हतेच. दसरा झाला की त्या भागातली निम्मी घरं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, आणि त्या साली पावसानं ओढ दिल्यानं जरा जास्तच गेली होती. माझ्या यादीतली एकेचाळीस माणसं कोपरगावकडं होती. डॉक्टरबाई म्हणाल्या की त्यांच्यापुढं 'स्थलांतरित' असं लिहू, अभ्यासात तशी सोय असते. मी यादी चाळत होतो. सोळाव्या ओळीवर मावशी होत्या.

मी म्हणालो, मला एक आठवडा द्या, मी तिकडं जातो. त्यांनी विचारलं की कोणाकडं, उसाच्या कुठल्या फडात, काही ठाऊक आहे का. मला काहीही ठाऊक नव्हतं. पण मी बसून राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या की एकट्यानं जाऊन उपयोग काय, ऐकणार कोण, आणि सिस्टरकडं बघितलं. सिस्टर म्हणाली, "घरी निरोप धाडायला हवा." एवढंच.

पौषातल्या थंडीत आम्ही एसटीनं कोपरगावला पोचलो. यंत्राची पेटी मी मांडीवर धरली होती. पारा सांडला असता तर सगळंच संपलं असतं. आमच्याकडच्या उजाड माळांवरून गेलेल्या माणसाला गोदाकाठचा तो मुलूख बघून जीव दडपतो. चहूकडं ऊस. त्यात माणूस कुठं शोधायचं?

युक्ती सिस्टरला सुचली. ऊस कुठलाही असो, तो शेवटी कारखान्याच्या काट्यावर वजनाला येतो. तिथं बैलगाड्यांची रांग दीड-दोन फर्लांग लांब लागलेली असायची आणि गाडीवानाला दोन-तीन तास बसून राहण्याखेरीज दुसरं काम नसायचं. आम्ही रांगेच्या टोकापासून सुरुवात केली. पाथर्डीकडचं कोण, असं विचारत पुढं सरकायचं. गाव जुळलं की गाडीखालच्या सावलीत त्याला पाच मिनिटं बसवायचं आणि मोजायचं. त्याच्याकडून टोळी कुठं उतरली आहे ते कळायचं, आणि तिसऱ्या प्रहरी आम्ही फडात जाऊन बायकांना गाठायचो.

एका टोळीच्या मुकादमानं आम्हाला फडात शिरू दिलं नाही. आम्ही नसबंदीवाले आहोत असा त्याचा ग्रह झाला होता, आणि तसे लोक त्या काळात फिरतही होते. मी त्याला म्हणालो की आधी तुमचंच मोजतो, काही कापलं तर बोला. त्यानं बराच वेळ विचार करून हात पुढं केला. त्याचा वरचा आकडा एकशेअठ्ठ्याहत्तर निघाला. तो यादीत नव्हता, पण सिस्टरनं त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं, कारखान्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली, आणि त्यानंतर तोच आम्हाला पुढच्या टोळीपर्यंत सोडायला आला.

सहा दिवसांत सदतीस माणसं झाली. एक जण वारल्याचं कळलं, गाडी उलटून. एक मुलगा मुंबईला निघून गेला होता. उरले मावशी आणि त्यांचा नवरा. त्यांच्या टोळीतले लोक भेटले, त्या नाहीत. त्यांचा एक बैल पायानं अधू झाला म्हणून गाडी मागं पडली आणि नवरा-बायको दुसऱ्या कारखान्याच्या टोळीत गेले, गोदेच्या पलीकडं, असं समजलं. कुठल्या गावाला, ते कोणालाच नक्की सांगता येईना.

आठवडा उद्या संपत होता. सिस्टरच्या पायाला फोड आले होते, तिनं त्यावर चिंधी बांधली होती. मी म्हणालो की तुम्ही परत जा, मी फक्त पत्ता काढून येतो. ती म्हणाली, "पत्ता काढून काय करणार? ऐकणार कशानं?" मग तिनं चपला हातात घेतल्या आणि पुलाच्या दिशेनं चालायला लागली.

दोन फड चुकीचे निघाले. तिसऱ्या ठिकाणी पाचटाच्या झोपड्यांची, कोप्यांची ओळ लागली आणि पलीकडं तोड चालू होती. मावशी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढत होत्या. मोळी टाकून खाली उतरल्यावर त्यांनी कंबरेवर हात ठेवून आमच्याकडं पाहिलं.

"तुमी इतक्या लांब?" त्या म्हणाल्या. "गावाकडं कुनाचं काही झालं का?"

काही झालं नाही, तुमच्यासाठीच आलोय, असं सांगितलं तेव्हा त्यांना ते खरं वाटेना. त्यांना बसवणं हेच मोठं काम होतं. बसल्या जागीही त्यांचे हात पाचट गोळा करत होते. सिस्टरनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले आणि घड्याळात पाच मिनिटं मोजली. मग मी नाडी धरली आणि हवा भरायला लागलो.

एकशेसत्तर आलं. त्या दिवशी मी जिथं थांबलो होतो ती खूण. माझ्या बोटांखाली नाडी टणटणीत चालू होती. एकशेनव्वद, चालू. दोनशे, चालू. दोनशेबाराला ती गेली. मी आकडा सांगितला, पारा आणखी वर नेला आणि सिस्टर ऐकायला लागली. तिच्या चेहऱ्यावर कधी काही दिसायचं नाही, तेव्हाही दिसलं नाही. दोनशेदहा, ती म्हणाली. नंतर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, एकशेचव्वेचाळीसला पुन्हा सुरू झाले. खालचा एकशेबावीस.

मी लिहिलं. मग मावशींच्या समोर जमिनीवर बसलो आणि त्यांना सांगितलं की श्रावणात मी तुमचा आकडा चुकीचा लिहिला होता. तुम्ही डोकं जड होतं म्हणालात ते खरं होतं. मला नीट ऐकू येत नाही आणि मी ते लपवलं. तुम्हाला तेव्हाच औषध मिळायला हवं होतं.

त्यांनी दंडावरची बाही खाली ओढली. मग विचारलं, "आता बरूबर लिव्हलं का?"

"हो."

"मंग झालं. त्येच सांगायला आलात व्हय एवढे? पानी प्या."

त्यांना ते खरंच एवढं साधं वाटलं, का माझ्यासाठी त्यांनी ते साधं करून टाकलं, हे मला ठरवता आलं नाही. मला दोन शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत, त्यामुळं जे करायचं ते करूनच मोकळं होणं भाग होतं.

तोड सोडून गावी जा, हे सांगण्यात अर्थ नव्हता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; एक गेला की दुसऱ्याचंही काम राहत नाही. सिस्टरनं नवऱ्याला बोलावून घेतलं, त्याचंही मोजून झालं. शांत स्वभावाचा माणूस, सगळं ऐकून घेतलं. बाईनं मोळ्या बांधाव्यात, पण डोक्यावर घेऊन फळी चढू नये, एवढं त्यानं कबूल केलं. त्या मी वाहीन, म्हणाला. मिठाचं मात्र जमेना. सिस्टर म्हणाली की भाकरीवर मीठ-मिरची कमी घ्या. मावशी म्हणाल्या, "त्ये काढल्यावर भाकरीसंगं खायाचं काय?"  पीठ मळताना घालू नका, एवढ्यावर तडजोड झाली.

तिसगावला परतल्यावर मी डॉक्टरबाईंना गोळ्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या की हा अभ्यास मोजण्याचा आहे, उपचाराचा नाही. मुक्कामी येईल त्याला गोळ्या देता येतात, पण प्रत्येकाच्या मागं फिरायला आपल्याकडं माणसं नाहीत. मी म्हणालो, एक माणूस आहे. त्यांनी चश्मा काढून पुसला आणि चिठ्ठी लिहिली. एक सर्पगंधेपासून काढलेली गोळी आणि एक लघवीवाटे पाणी काढणारी. हंगाम संपेपर्यंत दर महिन्याला माझ्या सुट्टीच्या दिवशी मी कोपरगावची एसटी धरली. दोनदा मावशींनी गोळ्या नीट घेतल्या होत्या. एकदा निम्म्या शिल्लक होत्या, कारण डोकं उतरलं म्हणून त्यांनी बंद केल्या. त्या दिवशी मी जरा आवाज चढवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आईसारखं बोलतोस.

गावाचा नवा हिशेब झाला तेव्हा पाचही रकान्यांत रेघा जवळपास सारख्या पडल्या. आणि पुण्याला त्यावर विश्वास बसेना. खेड्यातल्या माणसांचे आकडे इतके वर असतील कसे, यंत्र बिघडलं असेल, असं पत्र आलं. डॉक्टरबाईंनी लाल रेघेचे जुने आणि नवे फॉर्म शेजारी-शेजारी मांडून त्याचंच एक कोष्टक केलं आणि अहवालात घातलं. चुकीचं मोजलं तर गाव कसं निरोगी दिसतं, याचा तो नमुना झाला. अहवाल टंकलिखित करून घ्यायला मीच नगरला गेलो होतो. माझी चूक मीच वाचून दाखवली आणि टायपिस्टनं ती स्वच्छ उतरवली. नाव कुठंच नव्हतं, पण प्रत्येक ओळ माझी होती.

माझ्या एका कानाचं पुढं पुण्याला ऑपरेशन झालं. पडदा बसवला. गिरणीचा आवाज आता दुसऱ्या गल्लीतून आल्यासारखा वाटतो, पूर्वी तो गावाबाहेरून आल्यासारखा वाटायचा. पण ठोके ऐकायला मी पुन्हा बसलो नाही. त्या कामाला सिस्टर होती, आणि माझं नाडीचं काम मला पुरेसं वाटायला लागलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे खरं तर पाऊस नसलेल्या त्या पावसाळ्यात, आम्ही दुसऱ्या फेरीसाठी गावात टेबल मांडलं. आदल्या वर्षीचं ठाऊक असल्यानं लोक टाळतील, अशी मी मनाची तयारी केली होती. सकाळी आठ वाजता मावशी आल्या. मागं त्यांच्या दोन जावा होत्या, एक शेजारीण होती, आणि तिच्या मागं पदर दातात धरून उभी असलेली तिची सून. मावशींनी बाकावर बसून स्वतःचा हात पुढं केला, आणि जावांकडं वळून म्हणाल्या, "गप बसायचं, बोलायचं न्हाई. आधी ह्यो नाडी धरतो, मंग बाई ऐकतात. घाई करायला लागला तर मला सांगा."

मी त्यांचं मनगट बोटांत घेतलं. सिस्टरनं नळ्या कानात घातल्या. मी हवा भरायला लागलो.